महामार्गालगतचे अंगण शांत करण्यासाठी कुंपण कसे बांधावे

रस्त्याच्या आवाजासाठी कुंपण बांधायचे ठरले की घरात पहिला प्रश्न येतो तो उंचीचा, आणि गवंडी "सहा फूट पुरे" असे सांगून पायाच्या खोदाईला लागतो. माझा अनुभव असा आहे की नुसत्या उंचीला काही अर्थ नाही. आवाज टायरपासून निघून आपल्या कानापर्यंत येताना भिंतीच्या माथ्यावरून त्याला किती वळसा घालावा लागतो, यावर सगळे ठरते. हा वळसा वाढवण्याचे भिंत उंच करण्याखेरीज आणखी दोन-तीन मार्ग आहेत. ते स्वस्त आहेत आणि आपल्याकडच्या बांधकाम नियमांत सहज बसतात, तरीही त्यांचा विचार फारसा कोणी करत नाही.

आमचे घर सातारा जिल्ह्यात, पुणे-बंगळुरू महामार्गाच्या कडेला आहे. मागचे अंगण रस्त्याकडे तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी तिथे दोन माणसांना साध्या आवाजात बोलता येत नसे. आम्ही पहिल्यांदा लोखंडी कोनांवर रंगीत पत्रा ठोकला. आवाज काही कमी झाला नाही, उलट अवजड गाडी गेली की पत्रा स्वतःच थरथरून वाजू लागला. तो काढून पुन्हा सगळे मुळापासून करावे लागले. पुढे दिलेला क्रम त्या दुसऱ्या वेळचा आहे.

अपेक्षा आधी ठरवावी

डेसिबलची मोजपट्टी साधी बेरीज-वजाबाकीची नाही. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, ५ चा स्पष्ट कळतो आणि १० डेसिबल कमी झाले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. घराभोवतीच्या नीट बांधलेल्या भिंतीकडून ५ ते १० डेसिबलची अपेक्षा ठेवावी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. अंगणात आज ७० डेसिबल असतील, तर कुंपणाने ते ५५ वर येणार नाहीत, ६२-६३ पर्यंत येतील. पण तेवढ्यानेही चहा घेत शांतपणे बोलता येते, आणि आमच्या दृष्टीने तोच हेतू होता.

काम सुरू करण्यापूर्वी मोबाइलवरील आवाज मोजण्याचे एखादे ॲप घेऊन, बसायच्या जागी, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, पंधरा मिनिटांची सरासरी नोंदवावी. एक नोंद कामाच्या दिवशी सकाळी नऊला, एक रात्री अकराला आणि एक रविवारी, एवढे पुरेसे आहे. फोनचा आकडा नेमका नसला तरी चालेल, कारण आपल्याला आधीचा आणि नंतरचा फरक पाहायचा आहे. मात्र दोन्ही वेळी फोन तोच असावा, जागा तीच असावी आणि वारा पडलेला असावा.

सुतळी धरून रेषा काढावी

भिंतीची खरी आखणी इथे सुरू होते. रस्त्यावर वाहन धावते त्या मार्गिकेची उंची आपल्या अंगणाच्या तुलनेत किती आहे, हे गवंड्याकडच्या पाणी भरलेल्या लेव्हल पाइपने काढता येते. पाइपचे एक टोक कुंपणाच्या हद्दीवर आणि दुसरे रस्त्याच्या कडेच्या साइडपट्टीवर धरावे. हे काम दिवसा करावे आणि डांबरी भागावर कोणीही पाऊल ठेवू नये. कार आणि ट्रक यांचा मिळून विचार करताना आवाजाचा उगम मी रस्त्यापासून अर्धा मीटर उंच धरतो. टायरचा आवाज अगदी जमिनीलगत निघतो, ट्रकचे इंजिन आणि हॉर्न त्याहून वर असतात, म्हणून ही मधली उंची. खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान सुमारे १.२ मीटरवर येतो.

आता कागदावर प्रमाणात छेद काढावा. डावीकडे मार्गिका, मध्ये हद्द, उजवीकडे खुर्ची काढून उगम आणि कान सरळ रेषेने जोडावेत. भिंतीचा माथा या रेषेच्या खाली राहिला, तर भिंत कितीही जाड असली तरी आवाजापुरती ती नसल्यात जमा आहे. माथा रेषेला जेमतेम शिवला की सुमारे ५ डेसिबल मिळतात आणि तिथून वर प्रत्येक मीटरला साधारण दीड डेसिबल, असा ठोकताळा महामार्गांवरच्या ध्वनिरोधक भिंतींसाठी वापरतात. आपली खुर्ची मात्र भिंतीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे आपल्याला वाढीव उंचीचा लाभ त्याहून बराच अधिक मिळतो.

रस्ता भरावावर असेल, तर रेषा वर सरकते आणि भिंतही वर न्यावी लागते. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कान अंगणापासून चार मीटरच्या वर असतो. तिथून रस्ता दिसतो, म्हणजेच ऐकूही येतो. त्या खोलीसाठी कुंपणावर खर्च करू नये, तो पैसा खिडक्यांच्या दुहेरी काचांकडे वळवावा.

वळशाचा हिशेब

जपानी ध्वनिशास्त्रज्ञ माएकावा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखावर आधारलेला एक सोपा हिशेब घरबसल्या करता येतो. उगमापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतचे आणि माथ्यापासून कानापर्यंतचे अंतर मिळवावे, त्यातून उगम ते कान हे सरळ अंतर वजा करावे. उरतो तो वळसा. त्याची दुप्पट करून आवाजाच्या तरंगलांबीने भागावे. रहदारीसाठी ५०० हर्ट्‌झ धरले तर तरंगलांबी सुमारे ०.६९ मीटर येते. आलेल्या संख्येला २० ने गुणून त्यात ३ मिळवावेत, त्याचा लॉग (१० च्या पायाचा) काढून १० ने गुणावे. उत्तर डेसिबलमध्ये मिळते.

समजा मार्गिका भिंतीपासून १४ मीटर दूर आहे, खुर्ची भिंतीच्या आत ३ मीटरवर आहे आणि दोन्हीकडची जमीन एका पातळीत आहे. मग १.५ मीटर उंचीच्या भिंतीला वळसा अवघा ३.६ सेंटिमीटर पडतो आणि घट ७ डेसिबल येते. १.८ मीटरला वळसा साडेदहा सेंटिमीटर व घट साडेनऊच्या थोडी वर जाते. २.१ मीटरला २१ सेंटिमीटर व सुमारे १२ डेसिबल, तर २.४ मीटरला साडेचौतीस सेंटिमीटर व साडेतेरा डेसिबल मिळतात. प्रत्यक्षात भिंत अमर्याद लांब नसते आणि मोकळ्या मातीकडून आधी होणारे शोषणही भिंतीमुळे थोडे घटते, म्हणून या आकड्यांतून दोन-तीन डेसिबल वजा करूनच मनाची तयारी ठेवावी. तरीही पाच फुटांवरून सहा फुटांवर गेल्याने वळसा जवळजवळ तिप्पट होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हाच हिशेब वेगवेगळ्या आवाजांसाठी केला तर आणखी एक उलगडा होतो. टायरचा सूऽऽ असा आवाज १००० हर्ट्‌झच्या आसपासचा असतो, आणि सहा फुटी भिंत तो हिशेबाने सुमारे १२ डेसिबलने कमी करते. ट्रकच्या इंजिनची १०० हर्ट्‌झच्या जवळपासची घरघर मात्र ६ डेसिबलनेच कमी होते, कारण तिची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते आणि ती माथ्यावरून सहज खाली वाकते. भिंत बांधूनही चढावर गिअर बदलणारा ट्रक ऐकू येतो, याचे कारण हे आहे. त्यात गवंड्याची चूक नसते.

परवानगी, आणि तिच्यामुळे सुचलेली युक्ती

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे कुंपणभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंतच ठेवता येते. वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा मोकळ्या बांधणीचे असतील, तर २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते. कोपऱ्यावरच्या भूखंडाला चौकापासून १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरवरच थांबवावी लागते, म्हणजे वळणावर समोरचे वाहन दिसते. आपल्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत नेमका कोणता नियम लागू आहे, हे काम सुरू करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. सोबत भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, कारण महामार्ग रुंदीकरणात हद्दीचे दगड हललेले असू शकतात आणि रस्त्याच्या जागेत गेलेली भिंत पाडावीच लागते.

वरचा भाग जाळीचा ठेवण्याची अट आवाजाच्या दृष्टीने भिंतीचा लाभच काढून घेते, कारण जाळी म्हणजे मोकळी जागा. विशेष परवानगी मागता येते आणि मागावीही. आम्हाला ती मिळाली नाही. मग हिशेबाचा तोच कागद पुढे ओढून भिंत पाच फुटांवर ठेवली आणि कान खाली आणला.

अंगणातली बसायची जागा ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट खोल केली, तर वरच्याच उदाहरणात १.५ मीटरच्या भिंतीला वळसा ३.६ वरून साडेबारा सेंटिमीटरवर जातो आणि घट ७ वरून १० डेसिबलवर. भिंत १.८ मीटरची असेल, तर तीच खोलगट बैठक १२ डेसिबलच्या पुढे नेते, म्हणजे सपाट अंगणातल्या सात फुटी भिंतीपेक्षाही थोडे अधिक. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या उतरल्या की आवाज कमी होतो, हे पाहुण्यांना सांगावे लागत नाही. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की टायरचा कर्कश सूर कापल्यासारखा बंद होतो आणि वरच्या पायरीवर परत गेले की पुन्हा सुरू होतो.

ही बैठक साडेतीन मीटर लांब-रुंद असली तरी पुरते. कडेने दगडी किंवा विटांचा कट्टा बांधावा, तो मातीही धरतो आणि बसायलाही होतो. खोदाई कुंपणाच्या पायापासून किमान दीड मीटर दूर ठेवावी. खड्ड्यात पावसाचे पाणी साचणार, म्हणून तळाला उतार देऊन पाणी पाइपने खालच्या बाजूला बाहेर काढावे. मुरमाड जमिनीत शोषखड्डा चालतो, काळ्या मातीत तो पावसाळ्यात भरूनच राहतो. निघालेली माती कुंपणाच्या आतल्या अंगाला रचण्याचा मोह टाळावा, कारण साधी कुंपणभिंत मातीचा आडवा दाब सोसण्यासाठी बांधलेली नसते.

अंगण खोल असेल आणि बैठक हद्दीपासून दूर असेल, तर आतला आडोसा हा दुसरा मार्ग आहे. आवाज अडवणारी भिंत उगमाजवळ किंवा कानाजवळ असावी, मधोमध ती सर्वांत निकामी ठरते. खुर्ची हद्दीपासून १० मीटर आत असताना हद्दीवरची सहा फुटी भिंत हिशेबाने साडेआठ डेसिबलही देत नाही. तोच सहा फुटी आडोसा खुर्चीपासून २ मीटरवर बांधला, तर जवळपास १० डेसिबल मिळतात, म्हणजे हद्दीवरच्या सात फुटी भिंतीइतके. आडोसा सरळ न ठेवता इंग्रजी एल अक्षरासारखा वळवावा. बैठक घराच्या भिंतीला चिकटून ठेवू नये, कारण घराची भिंत आवाज परतवते आणि त्या जागी सुमारे ३ डेसिबल वाढतात.

साहित्य निवडताना

आवाज भिंतीच्या वरून येतोच. भिंतीतून येणारा आवाज त्याहून बराच कमी राहिला पाहिजे, आणि त्यासाठी दर चौरस मीटरला सुमारे २० किलो वजन पुरते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन ४ किलोही भरत नाही, आमचा पहिला प्रयत्न का फसला ते यावरून कळते. ११५ मिलिमीटर, म्हणजे साडेचार इंची वीटकाम गिलाव्यासह अडीचशे किलोच्या आसपास जाते. १५० मिलिमीटरचे एएसी (हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक ९० किलो आणि प्रीकास्ट कंपाउंडच्या ५० मिलिमीटर जाडीच्या फळ्या १२० किलो भरतात. यांपैकी काहीही वजनाला पुरेसे आहे, त्यामुळे आवाजासाठी म्हणून नऊ इंची भिंतीवर खर्च करण्याची गरज नाही. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत उत्तम ठरते, फक्त जांभ्याला आरपार छिद्रे असू शकतात म्हणून निदान एका बाजूने गिलावा करावा. आतल्या आडोशासाठी लोखंडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटरचे सिमेंट बोर्ड आणि मध्ये ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) चालते, पण रॉकवूल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तळापासून चार बोटे वर ठेवावे. ते भिजले की खाली बसते.

फटी आणि फाटक

भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा मोकळी राहिली, तर भिंतीचा एकूण अटकाव २० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, आणि दहा टक्के राहिली तर १० डेसिबलवर थांबतो. प्रीकास्ट कंपाउंडचे दुखणे हेच आहे. त्याच्या फळ्या खांबांच्या खाचांत वरून सोडतात आणि त्या एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात. आमच्याकडे त्या बसवल्यानंतरच्या पहिल्या रात्री मी अंगणातला दिवा मालवून उभा राहिलो. ट्रकचे दिवे जवळ येताच भिंतीवर आडव्या उजेडाच्या पाच रेघा उमटल्या, खांबापाशी दोन उभ्या. त्या रेघांपाशी कान नेला तर टायरचा आवाज भिंत नसल्यासारखा येत होता. खडूने प्रत्येक रेघेवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून फळ्यांमधले सांधे सिमेंटच्या मसाल्याने भरून घेतले, खांबाच्या खाचा मात्र लवचीक पॉलियुरेथेन सीलंटने, कारण उन्हाने फळ्या प्रसरण पावतात आणि तिथला सिमेंटचा मसाला टिकत नाही. ही दिव्याची चाचणी कोणत्याही कुंपणाला लागू आहे. जिथून उजेड येतो तिथून आवाज येतोच.

तळाशी जमीन आणि भिंत यांत फट राहू नये म्हणून भिंत प्लिंथ बीमवरच, म्हणजे पायावरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळईवरच उचलावी. पाणी जाण्यासाठी भोके ठेवण्याऐवजी जमिनीखालून पाइप काढावा. फाटक शक्य तर रस्त्याच्या बाजूला ठेवूच नये. ठेवावेच लागले तर गजांचे नको. चौकटीला दोन्ही बाजूंनी पत्रा आणि मध्ये सिमेंट बोर्ड भरावा, खालच्या कडेला जाड रबराची पट्टी लोंबती सोडावी आणि दोन झडपांच्या मधल्या फटीवर आतून लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्यावी. असे फाटक जड होते, बिजागऱ्या आणि खांब त्या हिशेबाने घ्यावेत.

पाया आणि वारा

भरीव कुंपण म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले शीड आहे. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरतात. ३९ मीटरला चौरस मीटरमागे सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९० किलोंहून अधिक दाब येतो. साडेचार इंची भिंतीला म्हणूनच दर अडीच ते तीन मीटरवर आरसीसी खांब हवेत आणि माथ्यावर कोपिंग (काँक्रीटची सलग पट्टी) हवे. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, कारण ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि वरवरचा पाया असलेल्या भिंतीला तिरक्या चिरा पाडते. उंची १.८ मीटरच्या वर जाणार असेल, तर आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. रस्त्याकडे कोसळलेल्या भिंतीची जबाबदारी आपलीच असते.

दोन्ही टोके

आवाज टोकांवरूनही वळून येतो. कुंपणाची लांबी कान आणि भिंत यांच्यातल्या अंतराच्या आठपट असावी, असा संकेत आहे. खुर्ची ३ मीटरवर असेल तर २४ मीटर लांबी हवी, आणि तेवढी रुंदी साध्या भूखंडाला कुठली? त्यामुळे बाजूच्या हद्दींवरही भिंत त्याच उंचीने किमान चार-पाच मीटर आत वळवावी. याहून चांगले म्हणजे शेजाऱ्यांशी बोलून दोन्ही घरांची भिंत एका उंचीची आणि सलग करावी. लाभ दोघांनाही होतो आणि मधल्या वळणाचा खर्चही वाचतो.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. बांबूची किंवा मेंदीची एक रांग आवाज जवळजवळ कमी करत नाही, ५ डेसिबलसाठी सुमारे ३० मीटर रुंद दाट झाडीचा पट्टा लागतो. तरी भिंतीवर मधुमालती किंवा कृष्णकमळ जरूर चढवावे, कारण सिमेंटची तापलेली भिंत एप्रिल-मेमध्ये अंगण भाजून काढते आणि वेलीची सावली ते थोपवते. भिंतीने वारा अडतो, हे खरे नुकसान आहे. बैठक त्यामुळे घराच्या कोपऱ्याशी, बाजूने वारा येईल अशी धरावी.

पुन्हा मोजणी

काम संपल्यावर त्याच जागी, त्याच फोनने, त्याच वेळी नोंदी घ्याव्यात. घट हिशेबापेक्षा तीन डेसिबलहून अधिक कमी भरली, तर आधी फाटक, मग सांधे, मग टोके या क्रमाने शोध घ्यावा. भिंतीच्या आतल्या बाजूने कान लावत सावकाश चालत गेले तर गळती बहुधा पहिल्या फेरीतच सापडते. पहिल्या उन्हाळ्यानंतर, मृगाच्या सरी यायच्या आत, रात्री दिवे मालवून उजेडाची तीच चाचणी पुन्हा करावी. आमच्याकडे पहिल्या वर्षी प्लिंथ बीमखालची माती आकसून बोटभर फट पडली होती आणि ट्रकच्या दिव्यांची रेघ तिथून थेट खालच्या पायरीवर येत होती. मुरूम ठोकून आणि वर सिमेंटची पट्टी ओढून ती आम्ही बुजवली.